भाजीचं पाणी

आमच्या घरात कोणी किती पाणी प्यायचं हे डॉक्टर ठरवत. बाबांना दिवसाला एक लिटर, त्यातच चहा, त्यातच पातळ वरण, त्यातच गोळ्या गिळायचे घोट. मला तीन लिटर, आणि ते संपलं नाही तर बोलणी. आजार दोघांचा एकच. मे महिन्यात कूलर लावूनही भिंती तापलेल्या असायच्या, तेव्हा बाबा बर्फाचा एक खडा तोंडात घोळवत बसायचे आणि मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून आवाज न करता पाणी प्यायचे. लाज वाटायची. त्यांना ते माहीत होतं, कारण मी आत गेले की ते मुद्दाम टीव्हीचा आवाज वाढवत.

या आजारात दोन्ही किडन्यांमध्ये पाण्याचे बारीक फुगे धरतात. बाहेरून काही लागण होत नाही, ते जन्माबरोबरच येतं. भिजत घातलेल्या साबुदाण्यासारखे ते फुगे वर्षानुवर्षं वाढत जातात आणि चांगली किडनी दाबून दाबून निकामी करतात. चाळिशीपर्यंत माणसाला पत्ता नसतो. फार तर बीपी वाढतं, कधी कुशीत दुखतं, ते आपण गॅसवर ढकलतो. बाबांची आई अंगावर सूज येऊन गेली. त्यांचे मोठे भाऊ पन्नाशीत बीपीनं गेले. भिवापूरकडच्या आमच्या गावात या दोन मरणांची दोन वेगळी कारणं सांगत, त्यातलं एक करणीचं होतं. नागपुरात धंतोलीतल्या डॉक्टरांनी एका कागदावर आमचं घराणं काढलं, वर आजी, खाली काका आणि बाबा, आणि एकेक गोल पेनानं काळा करत खाली आले. मग पेन आम्हा दोघा भावंडांच्या गोलांवर थांबलं.

"आईवडलांपैकी एकाला असलं की प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता," ते म्हणाले. "आणि ती दर मुलाला नव्यानं. एकाला झालं म्हणून दुसरा सुटला, असं नाही."

पुण्याच्या भावाची सोनोग्राफी स्वच्छ निघाली. माझा गोल काळा झाला. मी तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होते, सरकारी कचेरीत नोकरीला, आईबाबांजवळच राहणारी. लग्न मी केलं नाही, त्याची कारणं इथे नकोत. पण त्या कागदावर माझ्या गोलाखाली रेघ नाही, हे बघून मला पहिल्यांदाच त्याचं बरं वाटलं. त्या दिवसापासून बाबांच्या पायांवरची सूज, हातावरची सुया टोचून फुगलेली शीर, संध्याकाळचं गळून जाणं, यातलं काहीही बघताना मी पंचवीस वर्षांनंतरची मलाच बघत होते. हे मी घरात कधी बोलले नाही.

आता आईबद्दल सांगायला हवं, कारण हे सगळं तिच्याभोवतीच आहे. ती उमरेडच्या एका मुलींच्या शाळेत गृहशास्त्र शिकवायची. अठ्ठावीस वर्षं रोज एसटीनं जाऊन येऊन. तिच्या विद्यार्थिनी आता स्वतः सुना आणतायत आणि अजूनही बाजारात दिसल्या की पदर सावरून उभ्या राहतात. तिचे काही नियम होते आणि ते आमच्या घरात कायद्यासारखे चालत. भाजी धुऊन मग चिरायची, चिरून धुवायची नाही. भाजीत सोडा घालायचा नाही. आणि भाजी उकडलेलं पाणी मोरीत ओतायचं नाही, सगळं सत्त्व त्यात उतरलेलं असतं, त्यात कणीक भिजवायची किंवा ते वरणात घालायचं. परीक्षेत हा प्रश्न हमखास यायचा, म्हणे. मी हे लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलं होतं की मला ते ऐकूच येईनासं झालं होतं.

धंतोलीच्याच दवाखान्यात बाबांचं डायलिसिस सुरू झालं, मंगळवार, गुरुवार, शनिवार. पहिल्याच आठवड्यात तिथल्या डाएटवाल्या मॅडमनी आम्हा तिघांना समोर बसवलं. माझ्यासाठी सोपं होतं. मीठ कमी, पाणी भरपूर. पोटात पाणी पुरेसं असलं की शरीर ते धरून ठेवण्याची धडपड करत नाही, आणि ती धडपडच या फुग्यांना वाढवते, असं त्यांनी सांगितलं. दुखलंखुपलं तरी दुकानातून पेनकिलर आणून घ्यायची नाही. फळं, भाज्या, डाळी माझ्या तूर्त चालू राहणार होत्या.

बाबांची गोष्ट उलटी. त्यांच्या किडन्या पाणीही बाहेर टाकत नव्हत्या आणि पोटॅशियमही. हे पोटॅशियम जवळजवळ प्रत्येक चांगल्या खाण्यात असतं. केळी, शहाळं, बटाटा, टमाटर, पालक, खजूर, गूळ, आणि अर्थातच संत्रं. ते रक्तात साठलं की हृदय थांबतं. "दुखत नाही, दम लागतोच असं नाही, आधी कळवून येत नाही," मॅडम म्हणाल्या. बीपीवाल्यांसाठी बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं, ते तर शिवायचंही नाही, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं. उपासाचं सैंधव हेही शेवटी मीठच. भाज्या बारीक चिरायच्या, कोमट पाण्यात भिजवायच्या, मग भरपूर पाण्यात उकडायच्या आणि ते पाणी टाकून द्यायचं.

आईनं सगळं लिहून घेतलं. इतकं सुवाच्य, की मॅडमनी विचारलं, "तुम्ही शिक्षिका होता का?" घरी आल्या आल्या तिनं ते बीपीवालं मीठ आणि सैंधवाची बरणी शेजारणीला देऊन टाकली, बाबांचा लोणच्याचा बाऊल आवरला, बिनमिठाचं चवीला लागावं म्हणून गावाहून आलेल्या भिवापुरी मिरचीचं फोडणीत प्रमाण वाढवलं. सकाळी सहाला तिच्या भाज्या भिजत पडलेल्या असत. मी नऊला कचेरीत जायचे, तोवर तिचा स्वयंपाक झालेला असायचा. एवढ्या काटेकोर बाईवर कोण लक्ष ठेवील? मी ठेवलं बाबांवर.

कारण पोटॅशियम वाढत होतं. दर महिन्याचा रिपोर्ट मी दाराशीच उघडायचे. पाचच्या आसपास हवं, तिथे पाच पॉइंट सहा. पाच पॉइंट नऊ. डिसेंबरात सहा पॉइंट दोन. डॉक्टर चष्म्यावरून बाबांकडे बघायचे.

"काका, चोरून काय खाता?"

"काही नाही खात, साहेब. ह्या दोघी मले खाऊ देतील का?"

डॉक्टर हसले, पण मला हसू आलं नाही. डिसेंबर म्हणजे नागपुरात कोपऱ्याकोपऱ्यावर संत्र्यांचे ढीग. डायलिसिसहून येताना ऑटो सिग्नलला थांबला की वास आत यायचा आणि बाबा डोळे मिटून घ्यायचे. ते आयुष्यभर एका बैठकीत अर्धा डझन संत्री खाणारे. मला खात्री पटली. मी त्यांचा फिरायला जायचा रस्ता बदलला. शेजारच्यांना सांगून ठेवलं. कपडे धुवायला टाकण्याआधी खिसे तपासायला लागले. बाप सत्तरीचा, आणि मी त्याचे खिसे तपासत होते. पण त्या दिवसांत मला ते मुळीच चुकीचं वाटलं नाही, कारण मला त्यांचा जीव वाचवायचा होता. खरं सांगायचं तर मला माझाही वाचवायचा होता. पथ्य पाळणारा माणूस जगतो, हे मला त्यांच्यावरून सिद्ध करून हवं होतं.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात संत्र्याची साल सापडली. हाताच्या तळव्याएवढी, वाळायला आलेली.

मी ती त्यांच्यासमोर टेबलावर आपटली. आई पोळ्या लाटायची थांबली.

"हे काय आहे बाबा?"

"साल आहे." ते शांतपणे म्हणाले. "तिकडं गाडीवाल्याजवळ पडली होती. वासासाठी ठेवली, माय."

"वासासाठी? मला काय कुकुलं बाळ समजता?"

"नाही खाल्लं माय. तुही शपथ, नाही खाल्लं."

मी पुष्कळ बोलले. आई इथे सकाळी सहापासून राबते, मी रजा काढकाढून दवाखान्यात बसते, आणि तुम्हाला जीभ आवरत नाही. पोटॅशियमनं मेलात तर त्याला आम्ही जबाबदार नाही, असंही बोलले. आईनं बाबांचं ताट वाढलं आणि ते मुकाट्यानं जेवले. तीन पोळ्या, उकडलेली चवळीच्या पाल्याची भाजी, पातळ वरण. हे ताट मला अजून जसंच्या तसं आठवतं.

शनिवार ते मंगळवार ही आठवड्यातली सर्वांत मोठा खंड असतो. दोन पूर्ण दिवस रक्त मशीनमधून जात नाही आणि जे साठायचं ते साठत राहतं. मंगळवारी सकाळी सातच्या सुमारास बाबा धंतोलीला जायला निघाले. खुर्चीत बसून बूट घालत होते. मी खाली ऑटो थांबवायला गेले होते. परत वर आले तेव्हा एक बूट पायात होता आणि बाबा खुर्चीत तसेच वाकलेले होते. मी दोनदा हाक मारली. डॉक्टर नंतर म्हणाले की हृदय थांबलं असावं, पोटॅशियमनंच असावं, घरी झालं तर हातात काही राहत नाही.

पुढचे तेरा दिवस जो येईल त्याला मी एकच गोष्ट सांगत होते. "ऐकत नव्हते. संत्री खायचे चोरून." लोक चुकचुकत, म्हाताऱ्या माणसांच्या जिभेबद्दल बोलत, आणि माझं मन जरा हलकं होई. गावाकडच्या चुलत्यांना सांगितलं, पुण्याच्या भावाला सांगितलं. आई भिंतीला टेकून बसलेली असायची. एकदा तीही म्हणाली, "दोन संत्र्यांपायी गेला माणूस." मी मान हलवली.

तेराव्यानंतर भाऊ परत गेला. मी आणखी चार दिवस रजा घेतली होती. पहिल्या सकाळी उशिरा उठून स्वयंपाकघरात आले, तर ओट्यावर नेहमीसारखी पालकाची पातेली वाफाळत होती. आईनं भाजी चाळणीत उपसली, निथळली, बाजूला ठेवली. मग परातीत पीठ घेतलं, मधे खळगा केला, आणि ते हिरवट पाणी हळूहळू त्यात ओतत कणीक मळायला लागली. उरलेलं तिनं कुकरमधल्या डाळीत घातलं.

"आई, हे पाणी..."

"मंग काय फेकू?" ती मागे न वळता म्हणाली. "सारं सत्त्व तर यातच राहते."

"तू नेहमी असंच करतेस?"

"काहून वं? आजच पाहून राहिली का?"

मी खाली बसले. बाबांच्या भाजीतून जे काढायचं होतं ते तिनं रोज नेमानं काढलं होतं, आणि रोज नेमानं त्यांच्या पोळीत आणि वरणात परत घातलं होतं. मॅडमनी पाणी टाकून द्या म्हटलेलं तिनं ऐकलं होतं, लिहिलंही होतं. पण तिच्या लेखी वाईट जे होतं ते भाजीत होतं. पाणी चांगलं, हे ती अठ्ठावीस वर्षं शिकवत आली होती, आणि तिचा हात ते मोरीकडे नेऊच शकला नसता. त्याच पाण्यानं बाबा गेले, असं छातीठोकपणे कोणी सांगणार नाही. डायलिसिसवर असलेला माणूस दहा कारणांनी जातो. पण बाबा खोटं बोलत नव्हते, एवढं मला त्या क्षणी कळलं, आणि मी गावभर त्यांना खोटं पाडून बसले होते.

आता त्यांच्यावरचा आळ पुसायचा तर आईला सांगावं लागणार होतं. मी नाही सांगितलं. तिनं चार पोळ्या केल्या, दोन मला वाढल्या, त्या मी खाल्ल्या. माझ्या किडन्यांना तेव्हा पोटॅशियमचं भय नव्हतं, त्यामुळे खायला हरकत नव्हती. अशी मी दोन वर्षं खात राहिले. रोज सकाळी पातेलीचा आवाज आला की तीच धास्ती. ती कधी टीव्हीवर काही ऐकेल, कोणी पाहुणी सहज बोलून जाईल, आणि तिला कळेल. पाहुण्या आल्या की मी बोलणं जेवणाकडून वळवायचे. मधूनमधून बाबांचा विषय निघाला की आई संत्र्यांवरून चिडायची, अजूनही, आणि मी गप्प बसायचे. स्वतःचा इतका राग मला आयुष्यात कधी आला नाही.

मग यंदाच्या मार्चमध्ये माझा रिपोर्ट आला. किडनी किती काम करते ते दाखवणारं क्रिएटिनिन बरंच वर गेलेलं. पोटॅशियम पाच पॉइंट पाच. डॉक्टरांनी हातानं थांब अशी खूण केल्यासारखा तळवा टेबलावर ठेवला आणि म्हणाले की आता खाण्याकडे बघावं लागेल. जुन्या मॅडम नोकरी सोडून गेल्या होत्या. नव्या मुलीनं तीच यादी दिली. भाज्या भिजवा, उकडा, पाणी टाका.

घरी येताना मी ऑटोत वाक्य जुळवत होते. माझा जीव राखायचा तर ते पाणी बंद व्हायला हवं होतं, आणि ते बंद करायचं तर आईला कारण लागणार होतं. मी सोपा रस्ता काढला.

"आई, उद्यापासून माझी कणीक साध्या पाण्यात भिजव. वरणातही ते घालू नको."

"काहून?"

"माझ्या आजारात आता ते चालत नाही म्हणे."

ती लसूण सोलत होती. बराच वेळ सोलत राहिली.

"मंग तुह्या बाबाले कसं चालत होतं?"

"त्यांचं वेगळं होतं. त्यांचं मशीन सगळं काढून टाकायचं."

"असं होय," ती म्हणाली आणि पुन्हा लसणाकडे वळली. दुसऱ्या दिवशी भाजीचं पाणी तिनं एका तांब्यात काढून ठेवलं, संध्याकाळी कुंड्यांना घातलं. मला वाटलं, निभावलं. पण अठ्ठावीस वर्षं पेपर तपासलेल्या बाईला मी उत्तर देऊन बसले होते, हे मी विसरले.

महिन्याभरानं दवाखान्याची तारीख आली तेव्हा ती साडी बदलून तयार होऊन बसली होती. "मी येते," म्हणाली. मी उन्हाचं कारण सांगितलं, गुडघ्यांचं सांगितलं. ती चप्पल घालून दारात उभी राहिली.

माझं पोटॅशियम उतरलं होतं. नवी मुलगी खूश झाली. तिनं आईलाही शाबासकी दिली, घरचं माणूस इतकं लक्ष देतं म्हणून हे होतं, असं म्हणाली. आई हसली नाही.

"एक विचारू का, बेटा? ज्या माणसाचं डायलिसिस सुरू आहे, त्याच्या कणकेत भाजीचं पाणी चालते का?"

मी टेबलाखालून तिचा गुडघा दाबला. तिनं माझा हात बाजूला केला.

"छे छे, आजी," ती मुलगी हसतमुखानं म्हणाली. "त्यांना तर मुळीच नाही. सगळं पोटॅशियम त्या पाण्यातच उतरतं ना. मशीन आठवड्यातून तीनच दिवस, मधल्या दिवसांत ते रक्तात साठत राहतं."

"वरणात?"

"वरणातही नाही."

आईनं पिशवीतून पेन काढलं, माझी यादी उलटी केली आणि कोऱ्या बाजूला सावकाश ते लिहून घेतलं. खाली रेघ मारली. मग तिनं त्या मुलीचे आभार मानले.

ऑटोत ती मधे अंतर ठेवून बसली. मी काहीबाही बोलत होते. एवढ्याशा पाण्यानं काही होत नसतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं हृदय आधीच कमजोर होतं, किती तरी कारणं असतात. ती ऐकत नव्हती. सक्करदऱ्याच्या चौकात ऑटो थांबला तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे त्यायनं खाल्लं नव्हतं."

"नाही."

"तुले माहीत होतं."

"तेराव्यानंतर कळलं."

मी पुढचं ऐकायला मन घट्ट करून बसले. ती म्हणेल, मीच त्यांना मारलं. दोन वर्षं मी याच वाक्याला भीत आले होते. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"त्या रविवारी तू साल आणून टाकली न टेबलावर," ती म्हणाली. "तवापासून मी त्यायच्याशी बोलली नाही वं. ते रविवारभर मागं मागं फिरले. सोमवारी रात्री बी म्हणाले, बोल न एक शब्द. मले वाटलं, मंगळवारी मशीनवरून आले का बोलीन."

सिग्नल सुटला. मी त्याच घरात होते, त्याच टेबलावर जेवत होते, आणि मला हे माहीत नव्हतं.